२५ जानेवारीला शपथ नंतर घ्या, आधी यादी उघडा

आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा सगळं चुकलं होतं, तर तिथूनच सुरू करते. २०१९ चा जानेवारी, २५ तारीख, राष्ट्रीय मतदार दिवस. विक्रोळीला कन्नमवार नगरातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, आम्ही भांडुपला भाड्याने, पण जुने मेंबर सगळे एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते आणि कुणीतरी टाकलं की यंदा काहीतरी करूया. शेजारच्या सोसायटीचं पटांगण मिळालं, बॅनर छापला, साऊंड लावला, पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर अर्धी माणसं जेवायला घरी, उरलेल्या अकरा जणांना (त्यातले दोघे खुर्च्यावाले) उभं करून मीच माईकवर मतदाराची प्रतिज्ञा वाचली. फोटो झकास आले. मग २९ एप्रिलला लोकसभेचं मतदान, मी सकाळी सातला रांगेत, आणि माझंच नाव यादीत नाही. नवऱ्याचं पण नाही. सासूबाईंचं होतं, त्या गावाला.

चूक आमचीच होती. पत्ता बदलला तर फॉर्म भरायचा असतो तो भरलाच नव्हता, पाडलेल्या बिल्डिंगच्या पत्त्यावर चौकशीला कोणी आलं असेल तर त्याला काय ढिगारा भेटणार? पण शपथ देणारीचंच नाव नाही हे ग्रुपवर इतके दिवस चाललं की त्या रागात मी पुढच्या वर्षी वेगळ्या पद्धतीने करायचं ठरवलं. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: कुठलाही ‘दिवस’ असो, कार्यक्रम संपताना एक तरी कागद भरून झाला पाहिजे. फॉर्म, अर्ज, ठराव, काहीही चालेल. कागद होणार नसेल तर तो दिवस आम्ही करत नाही, घरी बसून चहा पितो.

आधी कुठला दिवस धरायचा ते

कॅलेंडरमध्ये असे दिवस बरेच आहेत, सगळे करायला गेलात तर तिसऱ्याला कमिटीतले लोक फोन उचलणार नाहीत. मुंबईतल्या सोसायटीला किंवा चाळीला खरंच उपयोगी पडतील असे मी चार धरते, २५ जानेवारी, १५ सप्टेंबर, २८ सप्टेंबर, २६ नोव्हेंबर, आणि पाचवा एक आहे जो दर महिन्याला येतो आणि कुणाला माहीत नसतो, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय, बाकी सोडलं तरी तेवढं वाचा.

२४ एप्रिलचा पंचायती राज दिवस आपल्याकडे सोडून द्या. १ मे ला गावाला ग्रामसभा भरते, आपले काका तिकडे सरपंचाला तोंडावर विचारतात रस्त्याचे पैसे कुठे गेले, आणि आपण इथे एवढ्या मोठ्या महापालिकेचा टॅक्स भरून असं बसून विचारायची जागाच नाही. वॉर्डातल्या मतदारांची क्षेत्रसभा भरवायची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे, पण तुम्ही कधी तुमच्या क्षेत्रसभेला गेलात का? मी पण नाही. असो.

२५ जानेवारी

१९५० साली २५ जानेवारीला निवडणूक आयोग स्थापन झाला, म्हणजे प्रजासत्ताक व्हायच्या एक दिवस आधी, म्हणून ही तारीख. मतदार दिवस म्हणून पाळायला सुरुवात २०११ पासून. मुंबईकरांना ही तारीख फारच सोयीची आहे आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. २६ जानेवारीला निम्म्या चाळींत आणि सोसायट्यांत सत्यनारायणाची पूजा असते, त्यामुळे २५ च्या संध्याकाळी मंडप लागलेला असतो, खुर्च्या आलेल्या असतात, साऊंडवाला ‘हॅलो माईक टेस्टिंग’ करत बसलेला असतो, पोरं पताका लावत असतात. वेगळा खर्च शून्य. त्या मंडपात एक टेबल, एक लॅपटॉप, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि यादीचं प्रिंटआऊट एवढं ठेवलं की तुमचा मतदार दिवस झाला.

यादी कुठून आणायची तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर विधानसभा मतदारसंघ निवडून तुमच्या भागाची पीडीएफ डाऊनलोड होते, फुकट. आपला यादी भाग क्रमांक माहीत नसेल तर कुणातरी एकाचा ओळखपत्राचा नंबर टाकून नाव शोधा, त्यात भाग क्रमांक दिसतो. दोन प्रती काढा. एक भिंतीला लावायला आणि एक पेनने खुणा करायला. आम्ही पहिल्या वर्षी एकच काढली आणि ती घेऊन तळमजल्याचे आजोबा पलीकडे जाऊन बसले, त्यांना शाळेतल्या सगळ्या मित्रांची नावं शोधायची होती.

भिंतीला लावताना सगळी पानं लावायची गरज नाही, आपल्या बिल्डिंगची तेवढी. पण आजूबाजूची पानं चाळून बघा, कारण एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या भागात सापडतात. आमच्याकडे एका वहिनींचं नाव माहेरच्या आडनावाने दुसऱ्याच भागात निघालं, त्या सहा वर्षं समजत होत्या की नाव कापलं गेलंय.

आता फॉर्म. हे पाठ करून ठेवा, कार्यक्रमात शंभर वेळा सांगावं लागतं. नवीन नावासाठी फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, फोटो बदलायचाय, कार्ड हरवलं तर फॉर्म ८, पूर्वी पत्त्यासाठी वेगळी भानगड होती ती गेली, आता सगळं ८ मध्ये. नाव काढण्यासाठी किंवा हरकतीसाठी फॉर्म ७. वारलेल्या माणसाचं नाव काढायचं तर ते घरच्यांनाच करू द्या, त्यांच्याशी नीट बोलून, मंडपात माईकवरून ‘अमुक काका वारलेत, त्यांचं नाव काढा’ असं ओरडू नका, आमच्याकडे एकदा झालंय आणि काकू उठून गेल्या. आणि दुसऱ्या कुणाचं नाव ‘इथे राहत नाही’ म्हणून आपणच परस्पर ७ भरून कापायला जाऊ नका, फॉर्मवर खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

रिडेव्हलपमेंटवाल्यांनी खास लक्ष द्या, मुंबईत सगळ्यात जास्त घोळ आपलाच आहे. तीन वर्षं सांगून सात वर्षं बाहेर राहिलेली लोकं आहेत, कोणी ठाण्याला, कोणी बदलापूरला, कोणी नालासोपाऱ्याला. यादीत नाव प्रत्यक्ष राहण्याच्या ठिकाणी असावं लागतं आणि एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी. तर जिथे राहताय तिथलं भाडेकरार लावून फॉर्म ८ भरा, आणि चावी मिळाल्यावर परत इकडचा भरा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ‘माझ्याकडे कार्ड आहे ना’ म्हणून बसू नका, कार्ड कपाटात असलं आणि नाव यादीत नसलं तर मत देता येत नाही, हे मी रांगेत उभी राहून शिकलेय.

पोरांचं वेगळं. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण झाली असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं, आता चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झाली की आधीच अर्ज करून ठेवता येतो. त्यामुळे अकरावी-बारावीच्या पोरांना पकडा. त्यांना ‘लोकशाहीचा उत्सव’ वगैरे सांगू नका, त्यांना १ जुलैची गोष्ट सांगा. मुंबई महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली पण त्याला यादी वापरली १ जुलै २०२५ ची. म्हणजे ज्याला ऑगस्टमध्ये १८ पूर्ण झाली त्याला कॉलेजमध्ये मतदानाचा सेल्फी काढता आला नाही, आणि त्याच्याच वर्गातल्या मेमध्ये जन्मलेल्या मुलीने वेळेत फॉर्म भरला असेल तर तिने काढला. आमच्याकडे दोन पोरांनी हे ऐकून तिथेच फोन काढला.

फोनवर भरताना ओटीपी येत नाही, फोटोची साईज बसत नाही, हे होणारच. त्यासाठी एक शांत डोक्याचा मुलगा किंवा मुलगी टेबलवर बसवा आणि त्याला दुसरं कुठलंच काम देऊ नका. जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि एक फोटो एवढं घेऊन या असा मेसेज दोन दिवस आधी टाका. कुणीही आधारकार्डाचा फोटो ग्रुपवर टाकणार नाही हे पण त्याच मेसेजमध्ये टाका, नाहीतर तीन जण टाकतातच. फॉर्म गेला की रेफरन्स नंबर येतो, तो वहीत उतरवायचा, याच्यासाठी शंभर पानी वही आणा, ती पुढे सगळ्याच दिवसांना लागते. ज्येष्ठांना ऑनलाईन जमत नसेल तर १९५० या मतदार हेल्पलाईनला फोन लावून द्या किंवा आपल्या बीएलओंना (बूथ लेव्हल ऑफिसर, आपल्या भागाची यादी सांभाळणारे) आधी विचारून त्या संध्याकाळी अर्धा तास बोलवा. बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात, दिवसभर आपलं काम करून हे वरचं करत असतात, त्यांना खुर्ची, पाणी आणि गरम वडापाव द्या, शाल श्रीफळ नको, त्यांचा वेळ जातो त्यात. आणि पन्नास जणांचे फॉर्म एकत्र गोळा करून एकाने नेऊन द्यायचे असलं काही करू नका, ज्याचा त्याने भरायचा.

आता माझी आवडती गोष्ट. २६ जानेवारी ते १० फेब्रुवारी राज्य निवडणूक आयोगाचा लोकशाही पंधरवडा असतो. (हा आयोग वेगळा बरं का, लोकसभा विधानसभा दिल्लीचा आयोग घेतो आणि महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत राज्याचा, फक्त मतदार यादी दोघांची एकच, विधानसभेची यादीच वॉर्डांत फोडतात. म्हणून जानेवारीत केलेलं काम दोन्हीकडे उपयोगी पडतं.) त्याच सुमाराला बायकांची हळदीकुंकवं चालू असतात, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. चाळीस बायका स्वतःहून नटून थटून एका घरात येतात, कुठल्या पाहुण्याची वाट बघत नाहीत, वेळेवर येतात! आम्ही तिथे यादी नेली. वाण म्हणून डबीसोबत एक चिठ्ठी, तिच्यावर तिचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचं नाव. जिचं नाव नाही तिच्या चिठ्ठीवर ‘फॉर्म ६’ लिहिलेलं. मंडपात पुरुषांच्या घोळक्यात ज्या बायका टेबलापर्यंत येत नव्हत्या त्या इथे बिनधास्त विचारत होत्या, लग्नानंतर नाव बदललंय काय करू, नवऱ्याचं नाव चुकलंय काय करू, मी भाडेकरू आहे मला चालतं का. चालतं. भाड्याने राहणाऱ्याला मत असतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नसतं, हे दोन वेगळं आहे, आणि हा गोंधळ मला वाटलं त्यापेक्षा खूप जास्त लोकांच्या डोक्यात आहे.

१५ सप्टेंबर, म्हणजे एजीएमचा सीझन

आंतरराष्ट्रीय लोकशाही दिन. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये ठरवला, २००८ पासून पाळतात. नाव एवढं मोठं की लोक एकदम भाषणाच्या मूडमध्ये जातात, ग्रीस, अब्राहम लिंकन, सगळं निघतं. त्यापेक्षा खाली बघा, सोसायटीच्या नोटीस बोर्डवर एजीएमची नोटीस लागलेली असते कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. ज्या लोकशाहीत तुम्ही खुर्ची टाकून बसू शकता ती ही. आणि तिचे हाल तुम्हाला माहीत आहेत. आठला सभा, साडेआठला ‘कोरम नसल्यामुळे सभा अर्धा तास तहकूब’, मग नवाला सात जण मिळून वर्षाचे हिशोब पास, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर चाळीस जणांची भांडणं.

तर १५ सप्टेंबरच्या आसपास एक संध्याकाळ सभेची तयारी म्हणून धरा. गणपतीच्या तारखा बघून, कारण कधीकधी ते मध्येच येतात आणि मग कोणी येत नाही. त्या संध्याकाळी फक्त अहवाल आणि ताळेबंद वाचायचा. कोणीतरी बँकेतून रिटायर झालेले काका असतातच, त्यांना सांगा सिंकिंग फंड म्हणजे काय, रिपेअर फंड वेगळा का, थकबाकी कुठे दिसते ते वीस मिनिटांत समजावून द्या. मग प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव न लिहिता चालेल. चिठ्ठीची पद्धत आमच्याकडे भलतीच चालली कारण ज्यांचा आवाज मोठा त्यांचेच प्रश्न ऐकू यायचे, आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ज्या कधी बोलल्या नाहीत त्यांचा प्रश्न सगळ्यात अडचणीचा निघाला, पाण्याच्या टँकरच्या बिलाबद्दल. वेळ पाळायला एका लहान मुलीच्या हातात पूजेची घंटी द्या, दोन मिनिटं झाली की वाजव. सेक्रेटरींसाठी पण वाजव. तिला खूप मजा येते.

त्या चिठ्ठ्यांतून जे येईल त्यातलं एक तरी लेखी स्वरूपात सेक्रेटरींकडे द्या आणि पोच घ्या. हा त्या दिवसाचा कागद.

नगरसेवकांना बोलवायचं असेल तर पण हीच पद्धत वापरा. मार्च २०२२ मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे खूप लोकांची नगरसेवकाला विचारायची सवयच गेलीय. आता २२७ जण परत आहेत आणि मुंबईत एका वॉर्डाला एकच नगरसेवक, पुण्याठाण्यासारखं चारचं पॅनल नाही, म्हणजे ‘ते माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे’ हे सांगायची सोय कमी. त्यांना बोलावताना पत्रात स्पष्ट लिहा की हार नाही, भाषण पाच मिनिटं, बाकी पाऊण तास चिठ्ठ्या. काही जण येणार नाहीत. जे येतील ते तयारीने येतील. पक्षाचा झेंडा, उपरणं, बॅनरवर फोटो काही नाही, हे सगळ्यांना सारखं, आणि आचारसंहिता लागलेली असेल तर हा प्रकार करूच नका.

२८ सप्टेंबर, दहा रुपयांचा दिवस

माहिती अधिकार दिन. कायदा पूर्ण लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला पण दिवस २८ सप्टेंबरला पाळतात, जगभर त्या दिवशी हेच असतं. यात भाषण नकोच. दहा जण जमा करा, प्रत्येकाला कोरा कागद आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि एक अर्ज लिहायचा. सगळ्यांनी मिळून एकच विषय घेतला तरी चालेल, पण पाठवायचा एकानेच, नाहीतर तेच उत्तर दहादा टाईप करायला लावायचा त्रास देऊन काय मिळणार.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. लोक इथे फसतात, रस्ता, गटार, झाडं, फेरीवाले सगळं एकात कोंबतात. दुसरी चूक ‘का’ विचारतात. रस्ता का खोदला असं विचारलं की उत्तर येतं हे कायद्यातल्या ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. त्यापेक्षा कागद मागा: अमुक रस्त्याच्या काँक्रीटीकरणाच्या कार्यादेशाची प्रत, कंत्राटदाराचं नाव, काम पूर्ण करायची तारीख, दोषदायित्व कालावधी किती वर्षं, मोजमाप पुस्तकाच्या त्या कामाच्या पानांची प्रत. बघा, सगळं एका विषयात बसलं. दोषदायित्व कालावधी म्हणजे तेवढ्या वर्षांत रस्ता फुटला तर त्याच कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, हे एकदा कागदावर हातात आलं की पुढची तक्रार फार वेगळ्या आवाजात करता येते.

उत्तराला ३० दिवस. प्रतींना पानाला दोन रुपये पडतात. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. वहीत तारखा आत्ताच लिहून ठेवा कारण ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीच्या गडबडीत विसरतं, आमचं पहिल्या वर्षी विसरलंच. ऑनलाईन पण करता येतं, पण पहिल्यांदा हाताने लिहिलेला बरा, शब्द मोजायची सवय लागते.

आणि अर्ज नको असेल तर एक सोपा रस्ता आहे, २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलंय की जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऑफिसांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाईल बघायला द्यायची. जाताना परिपत्रकाची प्रिंट सोबत ठेवा. भांडायला नाही हो, काउंटरवरच्या माणसालाच कधी माहीत नसतं, त्याला वाचायला द्यायला.

२६ नोव्हेंबर

मुंबईत ही तारीख दुहेरी आहे. संविधान सभेने १९४९ ला याच दिवशी संविधान स्वीकारलं, देशभर संविधान दिन म्हणून पाळायला २०१५ पासून सुरुवात झाली, आणि आपल्याला २६/११ म्हटलं की २००८ ची ती रात्र आठवते. दोन्ही एकत्र करायला लोकांना अवघड वाटतं, एकीकडे मेणबत्त्या, एकीकडे उद्देशिका. आम्ही आधी दोन मिनिटं शांत उभे राहतो, मग उद्देशिका वाचतो, मधे कोणी काही बोलत नाही. बरोबर वाटतं.

उद्देशिका वाचायची पद्धत मात्र बदला. एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी पुटपुटायची यात काही जात नाही कुणाच्या डोक्यात. एकेक ओळ एकेका घराला द्या. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ ही ओळ कोणी वाचावी, ‘दर्जाची व संधीची समानता’ कोणी वाचावी, यावर पण थोडा विचार करा. आम्ही समानतेची ओळ आमच्या इथे पाच घरी काम करणाऱ्या मावशींना दिली होती, त्यांनी दोन दिवस पाठ केली, आणि वाचून झाल्यावर सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं की मग ती लिफ्टमधली पाटी काढणार का. कामवाल्या आणि डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी अशी पाटी होती. कायद्याने ती चालते की नाही हा वाद नंतर वकील मेंबरनी सुरू केला, पण आत्ताच ‘बंधुता’ वाचून बसलेली माणसं काय बोलणार. पुढच्या कमिटी मीटिंगला ठराव झाला, पाटी गेली. दोन जण अजून नाराज आहेत आणि मला ते चालतं.

मुलांसाठी चित्रकला स्पर्धा ठेवू नका, ठेवलीत तर बक्षिसाला तिरंगा आणि संसदेची तीच ती चित्रं येतात. त्यापेक्षा आपल्या गल्लीचा नकाशा काढायला सांगा, त्यात कुठली गोष्ट कुणाची ते रंगाने दाखवा, म्हणजे दिवा कुणाचा, गटाराचं झाकण कुणाचं, म्हाडाची जागा कुठली, पालिकेची कुठली, सोसायटीची कुठली. आमच्याकडे मोठ्यांना पण येत नव्हतं. तो नकाशा आता जिन्याखाली लावलाय.

आणि दर महिन्याचा तो सोमवार

लोकशाही दिन. सरकारी उपक्रम आहे, शासन निर्णय आहे, आणि याला कुणी हार घालत नाही म्हणून कुणाला माहीत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात अधिकारी बसतात आणि लोकांचे अर्ज समोरासमोर ऐकतात, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. मुंबईत जिल्हे दोन आहेत हे आधी लक्षात घ्या, शहराचं ऑफिस फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. महापालिकेचा लोकशाही दिन वेगळा असतो, त्याचा वार आणि जागा आपल्या वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या. तिथे नाही झालं तर वरच्या पायऱ्या आहेत, थेट मंत्रालयापर्यंत.

यात वॉक-इन नाही, इथेच सगळे आपटतात. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत, सोबत कागदपत्रं. आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. कोर्टात चालू असलेलं प्रकरण, नोकरीतल्या बदली-बढतीच्या तक्रारी, माहिती अधिकाराची अपिलं, हे घेत नाहीत. आचारसंहिता लागली की लोकशाही दिनच बंद, हा विनोद माझा नाही, नियमच तसा आहे.

म्हणून गणित असं बसवा. महिन्याच्या मधल्या रविवारी सोसायटीत अर्धा तास ‘अर्ज कट्टा’. ज्याचं काम कुठे अडकलंय त्याने कागद घेऊन यायचं, जुनी तक्रार कधी केली, नंबर काय, उत्तर काय आलं. आधी तक्रारच केलेली नसेल तर आधी १९१६ ला फोन करा, पालिकेचा आहे, तक्रार क्रमांक घ्या, थेट लोकशाही दिनात उडी मारू नका, पहिला प्रश्न तोच विचारतात. मग अर्ज लिहायचा एका पानात, वर विषय, खाली तारखांची यादी, शेवटी नेमकं काय करून पाहिजे ते एका वाक्यात. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ लिहू नका. कार्यवाही झाली असं उत्तर येतं आणि झाकण तिथेच उघडं. ‘अमुक ठिकाणच्या चेंबरला नवीन झाकण बसवावे’ असं लिहा. पोचेवर शिक्का आणि टोकन नंबर घ्यायचा.

जाताना एकट्याने जाऊ नका, पण घोळका पण नको, तक्रारवाला आणि सोबत एक जण. सोबतच्याने बोलायचं नाही, लिहून घ्यायचं, कुठल्या अधिकाऱ्याने काय सांगितलं आणि किती दिवस सांगितले. आम्ही या कामाला कॉलेजची पोरं पाठवतो. पहिल्यांदा तोंड वाकडं करून जातात, लोकलच्या गर्दीतून वांद्र्याला कशाला म्हणून, आणि येताना डोळे मोठे करून येतात, कारण तिथे आपल्याआधी एक आजी उभी असते जिचं प्रकरण अकरा वर्षं चाललंय आणि तिच्याकडे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावलेले असतात.

काम होतंच असं नाही. आमचे काही अर्ज सुटले, काही ‘संबंधित विभागाकडे पाठविले’ मध्ये गेले. पण वहीत तारीख आहे म्हणून परत जाता येतं.

वहीचं सांगायचं राहिलं. चार रकाने पुरतात, तारीख, काय दिलं, कुणाला दिलं, पुढची तारीख. ती एकाच्या घरी ठेवू नका, कमिटी बदलली की वही पण जाते, आमची सोसायटीच्या ऑफिसात खिळ्याला दोरीने बांधलेली आहे, किराणा दुकानातल्या पेनासारखी. शेवटची नोंद बी विंगसमोरच्या चेंबरच्या झाकणाची आहे, तिसऱ्यांदा, आणि पुढच्या तारखेच्या रकान्यात एका पोराने मोठ्या अक्षरात लिहिलंय, पहिला सोमवार, ९:१२ ची स्लो.